ताऱ्यांमधील धूळ आणि तिच्यातील खनिजे

पावसाळा संपल्यानंतरच्या एखाद्या निरभ्र रात्री गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन आकाशगंगेच्या पट्ट्याकडे पाहिले असता, हंस तारकासमूहापासून धनू राशीच्या दिशेने जाणारी एक काळी भेग त्या पट्ट्याला दुभंगताना दिसते. त्या ठिकाणी तारेच नाहीत, असे प्रथमदर्शनी वाटते. विल्यम हर्शेल या थोर ज्योतिर्विदानेही अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा काळ्या जागांना आकाशातील पोकळ्या मानले होते. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. तेथे तारे आहेत; परंतु त्यांच्या व आपल्या दरम्यान सूक्ष्म धुळीचे प्रचंड ढग पसरलेले असून त्यांनी मागचा प्रकाश अडविला आहे.

ही धूळ म्हणजे केवळ निरीक्षणातील अडथळा नव्हे. सूर्य, पृथ्वी व इतर ग्रह सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच वायू व धुळीच्या एका ढगातून आकारास आले. आपल्या पायांखालचा खडक, शेतातील माती, विळ्या-कोयत्यांचे लोखंड आणि हाडांतील कॅल्शियम ही द्रव्ये त्यापूर्वी बहुतांशी धूलिकणांच्या रूपाने अवकाशात विखुरलेली होती. म्हणूनच या धुळीत कोणती खनिजे आहेत, हा प्रश्न अंती आपल्याच भूमीच्या पूर्वेतिहासाचा प्रश्न ठरतो. जेथे कोणी जाऊ शकत नाही, तेथील धुळीचे घटक शास्त्रज्ञांनी कसे ओळखले आणि त्याविषयी आज कोठे एकमत व कोठे कोडे शिल्लक आहे, याची माहिती करून देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

अत्यल्प, तरीही प्रभावी

ताऱ्यांच्या दरम्यानची जागा अगदीच रिकामी नसते. तेथे अतिविरळ वायू असतो व त्यात हायड्रोजन आणि हेलियम यांचेच प्राबल्य असते. या सर्व आंतरतारकीय द्रव्याच्या वजनात धुळीचा वाटा जेमतेम एक टक्का भरतो. कणही अतिशय लहान. सामान्य कणाचा व्यास एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असतो. आकाशगंगेच्या सर्वसाधारण भागात शंभर मीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच जागेत असा सरासरी एखादाच कण सापडेल. तथापि, अंतरे अफाट असल्याने एकेका कणाचा परिणाम साचत जातो. आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग आपल्यापर्यंत पोहोचतो.

१९३० साली अमेरिकेतील लिक वेधशाळेचे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांची अंतरे व त्यांचे तेज यांची तुलना करून प्रकाशाचे हे शोषण सिद्ध केले. धुळीतून आलेला प्रकाश मंद होतो तसाच तांबूसही होतो. कारण निळा प्रकाश अधिक अडविला जातो. या तांबूसपणाच्या मोजमापावरून कणांच्या आकारमानाचा अंदाज आला. परंतु ते कण कशाचे बनले आहेत, हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी इतर पुरावे शोधणे भाग पडले.

जमाखर्चातील तूट

पहिला पुरावा एखाद्या जमाखर्चाच्या वहीत सापडणाऱ्या तुटीसारखा आहे. सूर्याच्या व ताऱ्यांच्या वर्णपटांवरून विश्वात निरनिराळी मूलद्रव्ये साधारणपणे कोणत्या प्रमाणात आहेत, हे ठाऊक झाले होते. आंतरतारकीय वायूतही ती त्याच प्रमाणात असावयास हवीत. १९७२ साली अवकाशात सोडलेल्या ‘कॉपर्निकस’ उपग्रहाने दूरच्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाचे वर्णपट घेतले, तेव्हा हा हिशेब जुळला नाही. भुजंगधारी तारकासमूहातील झीटा या ताऱ्याच्या वाटेवरील वायूत लोहाचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे शंभराव्या भागाइतकेच आढळले. कॅल्शियम तर हजाराव्या भागाहूनही कमी निघाले. मॅग्नेशियम व सिलिकॉन यांतही मोठी घट दिसली.

या तुटीला एक शिस्त आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तप्त वायू निवत असताना जी द्रव्ये प्रथम घनरूप धारण करतात, तीच वायूतून सर्वाधिक नाहीशी झालेली आहेत. जी द्रव्ये सहजासहजी घन होत नाहीत, त्यांची तूट अल्प आहे. म्हणजेच ही द्रव्ये हरवलेली नसून वायूच्या खात्यातून धुळीच्या खात्यात जमा झालेली आहेत. धुळीत सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम व त्यांच्या जोडीला ऑक्सिजन असला पाहिजे, हे यावरून निश्चित झाले. ही द्रव्ये एकत्र येऊन जी खनिजे बनतात, त्यांना सिलिकेट म्हणतात. पृथ्वीच्या कवचातील बहुतेक खडक याच वर्गातील आहेत.

अवरक्त किरणांची साक्ष

घटक कळले, तरी खनिज कळले असे होत नाही. वीट, चुना व वाळू यांची यादी हाती आली म्हणून घराची रचना कळत नाही, तसेच हे आहे. रचनेचा पुरावा अवरक्त किरणांनी दिला. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंमधील बंध सतत कंप पावत असतो आणि ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषून घेतो. बंध ताणला जाताना ही तरंगलांबी सुमारे ९.७ मायक्रॉन, तर तो वाकताना सुमारे १८ मायक्रॉन असते. १९६८ व १९६९ या वर्षांत काही ताऱ्यांभोवतीच्या धुळीत १० मायक्रॉनच्या आसपास ही खूण प्रथम ओळखण्यात आली. पुढे आकाशगंगेत ज्या ज्या दिशेने पाहावे, त्या त्या दिशेने ही खूण आढळत गेली. आंतरतारकीय धुळीत सिलिकेट आहेत, याविषयी आता शंका उरलेली नाही.

या खुणेच्या आकारातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. शाळेच्या कवायतीत मुले ओळीने उभी राहून पावले टाकतात, तेव्हा ठोका स्पष्ट ऐकू येतो. तीच मुले जत्रेच्या गर्दीत चालू लागली की पावलांचा नुसता गलबला होतो. स्फटिकात अणू कवायतीप्रमाणे ओळीने मांडलेले असतात, म्हणून त्याच्या वर्णपटात टोकदार व स्वतंत्र खुणा दिसतात. काचेसारख्या अस्फटिकी पदार्थात ही मांडणी विस्कटलेली असल्याने खूण रुंद व गुळगुळीत होते. आंतरतारकीय धुळीची खूण रुंद व गुळगुळीत आहे. तिच्यातील सिलिकेटांचा स्फटिकी भाग दोन-तीन टक्क्यांहून अधिक नसावा, असे मोजमापांवरून दिसते.

या कणांतील घटकांचे प्रमाण ऑलिव्हीन व पायरॉक्सीन या दोन खनिजांच्या जवळपास जाते. ही नावे अनोळखी वाटली, तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर जो काळा पाषाण पसरला, त्या बेसॉल्टमध्ये फेल्डस्पारच्या जोडीने पायरॉक्सीन आणि काही ठिकाणी ऑलिव्हीन असते. सह्याद्रीतील ही खनिजे पृथ्वीच्या पोटातील रस निवून येथेच तयार झाली, ती थेट अवकाशातून आलेली नाहीत. परंतु त्यांचे कूळ आणि ताऱ्यांमधील धुळीचे कूळ एकच आहे.

कार्बनचा वाटा

सिलिकेटांखालोखाल धुळीत कार्बन आहे. फ्रेड हॉईल व चंद्र विक्रमसिंघे यांनी १९६२ साली ग्रॅफाइटच्या कणांची कल्पना मांडली. १९६५ साली अग्निबाणातून नेलेल्या उपकरणाने ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशात २१७.५ नॅनोमीटर तरंगलांबीपाशी मोठे शोषण नोंदविले व ते कार्बनी पदार्थांशी जुळणारे ठरले. मात्र हे शोषण शुद्ध ग्रॅफाइटचे, की विस्कळीत रचनेच्या कार्बनचे, की षट्कोनी कड्या एकमेकींना जोडून बनलेल्या कार्बनी रेणूंचे, यावर एकमत झालेले नाही. अशा रेणूंच्या स्वतंत्र खुणा ३.३ पासून ११.३ मायक्रॉनपर्यंतच्या अवरक्त वर्णपटात विपुल आढळतात. जळत्या लाकडाच्या धुरात व काजळीत असणारे रेणू याच जातीचे असतात. हॉईल व विक्रमसिंघे यांनी पुढे हे कण जीवाणूंसारखे असल्याचेही प्रतिपादन केले. तथापि ते मत शास्त्रज्ञांना सर्वसाधारणपणे मान्य झाले नाही.

दाट व थंड मेघांत या कणांवर बर्फाचे लेप चढतात. २०२१ च्या अखेरीस सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने अशा मेघांत पाण्याच्या बर्फाबरोबरच कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन व मिथेनॉल यांचे बर्फ ओळखले आहेत. हायड्रोजनचे सुटे अणू जोडीने एकत्र येऊन रेणू बनतात तेही मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावरच. नव्या ताऱ्यांची घडण अशा मेघांतच होत असल्याने धुळीचे महत्त्व सहज लक्षात येईल.

धुळीच्या भट्ट्या

ही धूळ येते कोठून? सूर्यासारख्या ताऱ्यांतील इंधन संपत आले की ते फुगून तांबडे राक्षसी तारे बनतात व आपले बाह्य थर अवकाशात सोडू लागतात. हा वायू निवत असताना त्यात घन कण धरू लागतात. कोणते खनिज धरणार, हे कार्बन व ऑक्सिजन यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते. या दोघांना एकमेकांची एवढी ओढ असते की, त्यांपैकी जे कमी असेल ते जवळजवळ संपूर्णपणे कार्बन मोनॉक्साइड वायूत अडकून पडते. ऑक्सिजन शिल्लक राहिला, तर प्रथम कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि त्यानंतर सिलिकेट तयार होतात. कार्बन उरला, तर ग्रॅफाइट, काजळी व सिलिकॉन कार्बाइड निर्माण होते. माणिक व नीलम ही कुरुंदाचीच रत्नरूपे होत, आणि सिलिकॉन कार्बाइड म्हणजे हत्यारांना धार लावण्याच्या दगडात वापरले जाणारे कार्बोरंडम. दुसरा स्रोत म्हणजे प्रचंड ताऱ्यांचा स्फोट, ज्याला अतिदीप्त नवतारा म्हणतात. १९८७ साली दिसलेल्या अशा एका स्फोटाच्या अवशेषांत सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे निम्म्याइतकी धूळ असल्याचे ‘हर्शेल’ या अवकाश दुर्बिणीच्या २०११ मधील निष्कर्षांवरून दिसून आले.

हाती आलेले कण

आतापर्यंतचे पुरावे दुरूनच मिळालेले होते. १९८७ साली मात्र प्रत्यक्ष कण प्रयोगशाळेत हाती आले, आणि ते आकाशात जाऊन नव्हे, तर आकाशातून पडलेल्या दगडांतून. १९६९ मध्ये मेक्सिकोतील आयेंदे व ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे अशनी कोसळले होते. सूर्यमाला जन्मल्यापासून फारसे न तापलेले हे दगड शिकागो विद्यापीठातील एडवर्ड अँडर्स व इतर शास्त्रज्ञांनी तीव्र आम्लांत विरघळविले. न विरघळता जो अत्यल्प साका उरला, त्यात प्रथम सूक्ष्म हिरे, त्याच वर्षी सिलिकॉन कार्बाइड व १९९० साली ग्रॅफाइटचे कण मिळाले. सुई शोधण्यासाठी गवताची सारी गंजी जाळावी, तशी ही पद्धत होती.

हे कण सूर्यापूर्वीचे, हे समस्थानिकांवरून ठरविण्यात आले. पृथ्वीवर कार्बनच्या १२ व १३ वस्तुमानांकांच्या अणूंचे प्रमाण ८९ ला १ असे असते. या कणांत मात्र ते काहींमध्ये दहाहूनही कमी, तर काहींमध्ये हजारांच्या घरात आढळते. असा फरक सूर्यमालेत कोठेही घडून येत नाही. तो निरनिराळ्या ताऱ्यांच्या गाभ्यांतच घडू शकतो. मर्चिसन अशनीतील सिलिकॉन कार्बाइडच्या चाळीस कणांची वये २०२० साली प्रसिद्ध झाली. अवकाशातील विश्वकिरणांच्या माऱ्याने कणांत साठलेल्या विशिष्ट अणूंवरून ती काढण्यात आली होती. बहुतेक कण सूर्यापेक्षा तीस कोटी वर्षांच्या आतच वडील निघाले. परंतु सर्वांत जुन्या कणांचे वय सुमारे ७०० कोटी वर्षे ठरले. माणसाच्या हाती आलेला याहून जुना घन पदार्थ ज्ञात नाही.

यानंतर अवकाशयानांनीही कण गोळा केले. ‘स्टारडस्ट’ या यानाने २००६ साली पृथ्वीवर परत आणलेल्या संग्राहकात आंतरतारकीय असण्याचा संभव असलेले सात कण सापडल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. संग्राहकाच्या छायाचित्रांतून कणांचे माग शोधण्याचे काम तीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या केले, ही बाब शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. शनीभोवती फिरणाऱ्या ‘कॅसिनी’ यानाच्या उपकरणावर आदळलेल्या असंख्य कणांपैकी ३६ कण सूर्यमालेबाहेरचे ठरले. त्यांचे विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले.

आवक-जावक आणि न जुळणारा मेळ

या दोन प्रकारच्या पुराव्यांत एक तफावत आहे व या विषयातील खरे कोडे तेथेच आहे. अशनींतून मिळालेले कण स्फटिकी, टणक व एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. उलट, दुर्बिणींना दिसणारी धूळ अस्फटिकी असून तिच्यात सिलिकॉन कार्बाइडची खूण जवळजवळ आढळत नाही. कॅसिनीने तपासलेले ३६ कणही मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह व कॅल्शियम यांनी युक्त आणि एकमेकांसारखेच निघाले.

याचा काही भाग शोधपद्धतीतून उलगडतो. आम्लात सिलिकेट विरघळून जातात व जे टिकाऊ तेवढेच शिल्लक राहते. जे हाती आले तेच सर्वाधिक असेल, असे मानणे म्हणूनच धोक्याचे होते. सूर्यपूर्व सिलिकेट कण सापडण्यास २००३ साल उजाडावे लागले. तेही आम्लाचा वापर टाळून, सूक्ष्म कणांचे जागच्या जागी समस्थानिक मोजणारे उपकरण उपलब्ध झाल्यावर.

उरलेला भाग मात्र धुळीच्या आयुष्याशी निगडित आहे. ताऱ्यांभोवतीच्या धुळीत स्फटिकी सिलिकेटही असतात, हे १९९५ साली सोडलेल्या युरोपीय अवरक्त वेधशाळेने दाखवून दिले. परंतु अवकाशात आल्यावर विश्वकिरणांच्या माऱ्याने स्फटिकांची मांडणी मोडते, आणि अतिदीप्त नवताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेल्या आघाततरंगांमुळे कण घासले जातात, फुटतात व त्यांची वाफही होते. या नाशाचा वेग मोजला, तर तारे जितकी धूळ पुरवितात तिच्यापेक्षा अधिक धूळ नष्ट होत असावी, असा हिशेब निघतो. आवकीपेक्षा जावक अधिक असूनही कोठार भरलेलेच दिसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून थंड मेघांत वायूतील अणू कणांवर पुन्हा चिकटून धूळ तेथेच वाढत असली पाहिजे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. वारंवार मोडून पुन्हा घडल्यामुळे कण एकमेकांसारखे होतात, असे धरले तर कॅसिनीच्या निष्कर्षाचाही अर्थ लागतो. अतिशीत अवस्थेत सिलिकेट नेमके कसे घडतात आणि वायूतून नाहीसे झालेले सर्व लोह कोणत्या रूपात आहे, हे दोन प्रश्न अद्याप संशोधनाचे विषय आहेत.

आपल्या देशातील कार्य

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटीमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्यांच्या साहाय्याने सुमारे तीस किलोमीटर उंचीवर पाठवून, नवे तारे जन्मत असलेल्या मेघांतील धुळीच्या उष्णतेचे नकाशे तयार केले. कोल्हापुरात जन्मलेले व पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी विक्रमसिंघे यांच्यासमवेत अवकाशातील धातूंच्या तंतूसारख्या कणांविषयी विचार मांडले होते. आजच्या मध्य प्रदेशात १९४० साली सेमारकोना येथे पडलेला अशनी त्याच्या वर्गातील सर्वांत कमी तापलेला म्हणून जगभर प्रसिद्ध असून त्यातही सूर्यपूर्व कण आढळले आहेत. एक किलोहून कमी वजनाच्या या दगडावर आजही संशोधन चालू आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथेही अशनींचा वर्षाव झाला. तो अशनी आपल्या मूळ पिंडातच खूप तापलेल्या जातीचा असल्याने त्यात असे प्राचीन कण टिकून राहण्याचा संभव कमी. परंतु दगड कोणत्या जातीचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

येथेच शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व स्थानिक अधिकारी यांचा संबंध येतो. अशनी प्रयोगशाळेत पडत नाहीत. ते शेतात, छपरावर अथवा माळावर पडतात, आणि पहिल्या काही तासांत त्यांचे काय होते यावर त्यांचे मोल ठरते. पावसाचे पाणी, हातांचा घाम व मातीतील क्षार यांनी आतील घटक बिघडतात. म्हणून असा दगड आढळल्यास तो धुऊ नये, फोडू नये व त्याला लोहचुंबक लावून पाहू नये, कारण त्यामुळे दगडातील मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. पडण्याची वेळ, जागा व दिशा लिहून ठेवावी, शक्य तर जागेवरच छायाचित्र घ्यावे, दगड स्वच्छ व कोरड्या वेष्टनात ठेवावा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस कळवावे. देशातील अशनींचे जतन ही संस्था करते व तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूर येथे आहे. दगडाविषयी भीती पसरविणे किंवा त्याचे तुकडे वाटून घेणे, या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होते.

मर्चिसन येथील अशनीचे शंभर किलोहून अधिक तुकडे सुरक्षित राहिले, म्हणूनच पृथ्वीहून वडील असलेले कण पन्नास वर्षांनंतरही तपासता आले. अशी संधी आपल्या राज्यात केव्हा व कोठे येईल, हे सांगता येत नाही. ती आली असता गावात कोणास तरी याविषयीची प्राथमिक माहिती असावी, एवढी तयारी मात्र आजच करून ठेवता येण्यासारखी आहे.